भिक्षावळींतील कोरी वही

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत वाशी येथें आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याची मुंज झाली. आमंत्रण द्यावयास तो आजीसह आला होता. आम्ही ख्रिस्ती; आमचें येणें कोणास अवघड तर वाटणार नाहीं ना, असा संकोच आम्हांस वाटला. आजी म्हणाल्या, "सर, मुंज म्हणजे मुलानें गुरूकडे जाणें. मग त्याचे गुरुजीच नकोत काय?" आम्ही निरुत्तर झालों.

उपनयन म्हणजे जवळ नेणें. मुंज नांवाच्या गवताची मेखला बटूच्या कमरेस बांधतात, म्हणून ह्या संस्कारास मुंज म्हणतात. पूर्वीं ब्राह्मणाचा मुलगा आठव्या वर्षीं घर सोडून गुरुगृहीं जाई. आमचा बटू संध्याकाळीं आपल्याच घरीं परतणार होता. तरी मातृभोजनाच्या वेळीं आईनें आपल्या ताटांतला शेवटचा घास त्यास भरविला, तेव्हां तिचे डोळे भरून आले. आमचा मुलगा वसतिगृहास निघाला तो दिवस आम्हांस आठवला. भिक्षावळींत बायका तांदूळ व लाडू घालीत होत्या. आम्हीं झोळींत एक कोरी वही घातली. आमच्या पूर्वजांस अशा मंडपाच्या दारांतही कोणीं उभें केलें नसतें, हेंही मनांत आलेंच.

जूनमध्यें शाळा उघडली. बटूचे केंस अजून पुरते उगवले नव्हते. वर्ग हंसला, आणि, लपविण्यांत अर्थ नाहीं, क्षणभर आम्हीही हंसलों. त्यानें मान खालीं घातली. ज्याच्या घरीं आम्हीं गुरु म्हणून मान घेतला, त्यासच आम्हीं एकटें पाडलें होतें! दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली.

तेव्हां एका मुलीनें विचारलें, "सर, मुलींची मुंज कां नाहीं?" परंपरेनें हा संस्कार तीन वर्णांच्या मुलग्यांपुरताच राहिला, हें आम्हीं सांगितलें, आणि १९६२ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीनें उपनयनाच्या धर्तीवर विद्याव्रत संस्कार चालविला आहे, त्यांत जातीचा किंवा मुलगा-मुलगी असा भेद नाहीं, हेंही सांगितलें.

बालमित्रांनो, विद्येच्या दारीं आपण सारेच भिक्षेकरी आहोंत, आणि तुमचे शिक्षकही. परवां त्या मुलानें ती वही तपासावयास आणली. पहिल्याच पानावर गणित चुकलें होतें. आम्हीं त्यास जवळ बसविलें व पुन्हां सोडवावयास घेतलें.