एक रुपया शिल्लक

आमचं गावाकडचं घर दहा लाखांना गेलं आणि वडील धरून सात भावंडांत वाटणी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण मी बी.कॉम., त्यातून बँकेत. लोकांना वाटतं, बँकेतला माणूस पैशात लोळतो. लोळतो, पण दुसऱ्यांच्या!

सातानं भागलं. १,४२,८५७ रुपये १४ पैसे आणि पुढे आकड्यांची मालगाडी. "पैसे सोड," थोरले काका म्हणाले, "चार आणेसुद्धा २०११ साली बंद झाले." सोडले. सात हिस्से मिळून ९,९९,९९९ झाले. एक रुपया उरला. त्या रुपयावर अर्धा तास चर्चा झाली. दहा लाखांवर पाच मिनिटं झाली होती.

तेवढ्यात माई आत्या म्हणाली, "माझा हिस्सा धाकट्याला दे. आईचं सगळं त्यानंच केलं."

मी लिहिलं, २,८५,७१४. काकांनी चष्मा लावला. "हे तर मघाचेच आकडे! तू नुसती उलटापालट केलीस."

आकडे उलटेपालटे पडले की फरकाला नऊनं भाग जातो, हे आम्हा कारकुनांचं बाळकडू. फरक काढला: १,४२,८५७. नऊनं भागलं, तर गेला की हो! म्हणजे बँकेच्या नियमानं मी गुन्हेगार.

मग बेबी आत्याही उठली. ४,२८,५७१. पुन्हा तीच सहा मंडळी, फक्त खुर्च्या बदललेल्या. काका आता माझ्याकडे कॅशियरकडे बघावं तसे बघू लागले. मी कागदावर भागाकार मांडून दाखवला. एकाला सातानं भागताना बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी येते आणि पुन्हा १. रांग तीच, दोन हिस्से म्हणजे २ च्या बाकीपासून सुरुवात करायची, इतकंच.

शिवाय या आकड्याचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १,४२,८५७. असल्या संख्यांना देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं नाव आहे. हे सांगितल्यावर काका जरा नरमले. ते स्वतः मास्तर. बँकेपेक्षा मास्तरावर त्यांचा विश्वास.

कागद घेऊन ते ओसरीवर जाऊन बसले. जेवायची पानं मांडली तरी गुणाकार चालूच. धाकटे काका मान खाली घालून पाणी वाढत होते. दोघा भावांत सहा वर्षं बोलणं नव्हतं.

"चार हिस्से झाले तर?" थोरल्यांनी आतूनच येत विचारलं.

"५,७१,४२८."

"बरोबर आहे. लिही."

धाकट्या काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅल्क्युलेटरकडे. मुलीची फी भरायची होती.

उरलेला रुपया माझ्याकडेच आहे, सस्पेन्स खात्यात. माई आत्या दर दिवाळीला त्याचं व्याज विचारते.