स्पॅनिशची सोयरीक

स्पॅनिश शिकणाऱ्या मुलीला आमच्या महाड-पोलादपूर भागात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. त्याने दीनचा काय फायदा? आणि दुनियेचा काय फायदा? अरबी शिकली तर कुराण समजेल, इंग्रजी शिकली तर नोकरी मिळेल. आखातात जाणाऱ्याला दोन्ही उपयोगी. मग स्पॅनिश कशासाठी?

मी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश घेऊन एम. ए. केले. आता पोलादपूरच्या माझ्या खालाची मुलगी बारावी होऊन त्याच वाटेने जाऊ म्हणते, आणि तिच्या घरात तेच दोन प्रश्न उभे आहेत.

पहिल्या प्रश्नाला आपल्यापैकी सुशिक्षित लोक एक ठरलेले उत्तर देतात. स्पेनमध्ये आपली हुकूमत होती! खरे आहे. मुसलमान ७११ साली तिथे पोहोचले आणि १४९२ साली ग्रॅनडा पडले. त्या आठ शतकांच्या खुणा भाषेत आजही आहेत. आपण ‘फलाणा’ म्हणतो, ते ‘फुलानो’ म्हणतात. त्यांच्या नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात, तो मुळात अरबीतला काझी. आपली साखर आणि त्यांची ‘आसूकार’ संस्कृत शर्करेच्या घरातल्याच. शर्करा फारसीत गेली, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये. सर्वांत गोड शब्द ‘ओखाला’. अल्लाहने इच्छिले तर, अशा अर्थाच्या अरबी बोलापासून तो झाला. आज कुणीही कॅथलिक आजी तो दिवसातून दहा वेळा सहज बोलते.

ही सोयरीक वर्गात पहिल्या दिवसापासून धीर देते. पण सोयरीक असली म्हणून घर आपले होत नाही. ‘ओखाला’नंतर क्रियापदाचे रूप बदलावे लागते. ‘ओखाला बेंगा’ म्हणजे ‘तो येवो’. इथे मराठी मदतीला येते. पण ‘तो येईल असे मला वाटत नाही’ म्हणतानाही स्पॅनिशला तेच ‘बेंगा’ लागते. घडलेली गोष्ट आणि मनातली शंका यांची रूपे ती वेगळी ठेवते. प्रबंध लिहिताना या एका रूपावर वाक्याचा खरेपणा ठरतो. आदरार्थी ‘उस्तेद’ ऐकून आपल्याला उस्ताद आठवतो, पण तो शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या शुद्ध स्पॅनिश संबोधनाचा संक्षेप आहे. विद्यापीठातली तालीम हेच शिकवते. नाते सांगण्याआधी ते तपासून पाहावे.

दुनियेच्या प्रश्नाचे उत्तर महाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. रसायनाचा माल मेक्सिकोला पाठवायचा तर त्याचे सुरक्षा माहितीपत्रक स्पॅनिशमध्ये लागते. त्यात ‘इन्फ्लामाब्ले’ हा शब्द येतो. सुरुवातीचा ‘इन’ पाहून नवशिका तो ‘न पेटणारा’ असा वाचील. अर्थ नेमका उलटा, चटकन पेट घेणारा! नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अशा गावाला एका शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. सहा महिन्यांच्या वर्गाने ही जबाबदारी पेलत नाही. त्याला वर्षे द्यावी लागतात.

आता पुन्हा दीनकडे वळते. ग्रॅनडा पडल्यावर ज्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आले ते मोरिस्को लोक. त्यांच्यातल्या अनेकांची बोली स्पॅनिशच झाली होती. कित्येकांनी आपल्या दीनची पुस्तके स्पॅनिश भाषेत पण अरबी लिपीत लिहून ठेवली. १६०९ ते १६१४ या काळात त्यांना देशाबाहेर काढले. भाषा त्यांची होती, तरी ते परके ठरले. कोकणी बोलणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या आपल्याला हा इतिहास हुकुमतीच्या बढाईपेक्षा अधिक काही शिकवतो. १६०५ साली आलेल्या ‘डॉन किहोते’मध्ये सर्व्हान्तेस म्हणतो की ही कथा मूळ एका अरबी इतिहासकाराची आहे आणि तोलेदोच्या एका मोरिस्कोने ती आपल्याला भाषांतरून दिली. मेहनताना म्हणून त्याने मनुका आणि गहू घेतले. कल्पित का होईना, स्पॅनिशमधल्या सर्वांत मोठ्या कादंबरीच्या दाराशी आपला एक बिननावाचा दुभाषा उभा आहे.

खालाला मात्र इतिहास नको होता. तिची काळजी अंतराची. “पुण्याला नाही का होत?” तिने विचारले. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत. आंबेनळी घाट चढला की पुणे त्या मानाने जवळ. पण पूर्ण पदवी हवी तर दिल्ली. तिथे बी. ए.ला अक्षरओळखीपासून शिकवतात आणि मुलींसाठी वसतिगृह आहे, हे मी सांगितले. प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायला खालूंनी परवानगी दिली आहे. पुढचे अजून ठरायचे आहे.

ओखाला!