पट्टी काळी दोन

आमच्या घरी पेटी आली ती आजोबांच्या कीर्तनासाठी. इंदापूरच्या आसपासच्या वस्त्यांवर ते ख्रिस्ती कीर्तन करायचे. पूर्वरंगात नारायण वामन टिळकांचं पद, आख्यानाला बायबलमधला उधळ्या पुत्र. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा हात सोडला नाही. अभंग आणि ओवी बरोबर घेऊनच ते येशूकडे आले. त्यामुळे निमगाव केतकीचा मुक्काम उरकून तुकोबांची पालखी इंदापुरात आली की वारकऱ्यांच्या चाली मला परक्या वाटायच्याच नाहीत. आजोबा सूर धरत आणि मी भाता मारायची.

लग्नानंतर मी बारामतीला आले, मोरोपंतांच्या गावात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ऑस्ट्रेलियातल्या मिशनऱ्यांनी काम उभं केलं. इथल्या उपासनेत पेटी माझ्याकडे आली. ‘देवानं गळा दिलाय, त्यालाच वाहा,’ असं सगळे म्हणत. पण वाहायचा म्हणजे काय करायचं, ते मला पेटीनंच दाखवलं.

माझा गळा काळी चारमध्ये खुलतो. त्या पट्टीत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातलं पद धरलं की अंतऱ्याला पुरुष गप्प होतात, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नुसते ओठ हलवतात. काळी दोनला उतरलं की अख्खी मंडळी गाते. माझा आवाज मात्र खाली दबतो, शेजारणीलाही धड ऐकू जात नाही. मला वाटतं, अर्पण ते हेच. म्हणून रियाज सोडायचा नसतो. जुन्या करारात वेदीवर लंगडं कोकरू चालत नसे. मी अजून पहाटे भूपाचे पलटे घोटते.

ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. पेटीतून मींड निघत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण न शिकलेल्या पन्नास गळ्यांना एका सुरात धरून ठेवावं ते पेटीनंच!

आता कीबोर्ड आलाय. वाजवणाऱ्या मुलाला मी सांगते, अंतऱ्याला मागच्या बाकाकडे बघ, ओठ थांबले तर पुढचं पद खालच्या पट्टीत घे. गाणाऱ्या पोरींना हे आवडत नाही. त्यांचे तार सप्तकातले सूर खरोखर सुरेख लागतात. ते त्यांनी घरी रोज लावावेत. नाताळात एखादीनं एकटीनं गायचं ठरवलं, तर पेटीवर काळी चार मी धरून देईन.