१२०च्या वरचा आकडा

नवा सर्व्हर हातात आला की मी आधी त्याचा वेग मोजतो, पण त्याला शाबासकी द्यायला नव्हे. पोस्टग्रेसबरोबर पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं एक छोटं अवजार येतं. एक ब्लॉक लिहायचा, तो खरोखर डिस्कवर उतरव असं बजावायचं, होकार आला की पुन्हा लिहायचा, आणि सेकंदाला असे किती होकार मिळाले ते छापायचं, एवढंच त्याचं काम. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी सेकंदाला १२० फेऱ्या मारते. एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. तीच जागा पुन्हा लिहायची तर ती फिरून हेडखाली येईपर्यंत थांबणं आलंच. म्हणून प्रामाणिक डिस्कचा आकडा १२०च्या वर जात नाही. तो हजारांत दिसला की टीममधली नवी पोरं खूश होतात. माझ्या पोटात गोळा येतो. वाटेत बॅटरीवाली कॅश नसेल, तर मधलं कुणीतरी खोटं बोलतंय.

कोण, ते शोधायचं. डिस्कमध्ये स्वतःची थोडी डीरॅम असते. डेटा तिथे पोचला की डिस्क लगेच 'झालं' म्हणते. गड्याने पत्र टाकलं म्हणून सांगावं आणि ते त्याच्या खिशातच असावं, तशातला प्रकार. यात गैर काही नाही, कारण लिनक्सला हे माहीत असतं. जर्नलची नोंद पक्की करायची वेळ आली की कर्नल फ्लश पाठवून ती कॅश रिकामी करून घेतो. घोटाळा होतो तो कर्नलची समजूत आणि डिस्कची वस्तुस्थिती यांत फरक पडला की.

आणि हा फरक पाडणं फार सोपं आहे. सिस-ब्लॉकखाली प्रत्येक डिस्कच्या क्यू फोल्डरमध्ये राइट-कॅश नावाची फाइल असते. वाचली तर 'राइट बॅक' किंवा 'राइट थ्रू' एवढंच दिसतं. तिच्यात 'राइट थ्रू' लिहिलं की डिस्कची कॅश बंद झाली, असं भल्याभल्यांना वाटतं. तसं काहीही होत नाही. डिस्क पूर्वीसारखीच डीरॅममध्ये साठवत राहते. बदलते ती फक्त कर्नलची समजूत. कॅश नाहीच असं धरून तो फ्लश पाठवणंच थांबवतो. सुरक्षेसाठी म्हणून केलेला बदल नेमका सुरक्षेच्या मुळावर येतो, वर वेग वाढलेला दिसतो तो वेगळाच. डिस्कची कॅश खरंच बंद करायची तर साटा डिस्कला एचडीपार्म, सॅसला एसडीपार्म. त्यातही साटाची सेटिंग बऱ्याचदा वीज गेल्यावर पुसली जाते, म्हणून ती यूडेव्हच्या नियमात घालून ठेवावी.

रेड कार्डांचा स्वभाव निराळा. त्यांच्या कॅशमागे बॅटरी असते, नव्या कार्डांवर सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश. वीज गेली तरी डेटा तगतो, म्हणून तिथे राइट-बॅक चालू ठेवण्यात काहीच चूक नाही. मात्र कार्डामागच्या डिस्कांची स्वतःची कॅश बंद हवी; ती बॅटरी कार्डाची कॅश सांभाळते, डिस्कची नाही. जुन्या कार्डांवर बॅटरी अधूनमधून स्वतःची परीक्षा घेते, पूर्ण उतरते, पुन्हा चढते. तेवढा वेळ कार्ड राइट-थ्रूवर जातं आणि एकाएकी सगळं रेंगाळतं. मग अकाउंट्सवाल्यांचे फोन सुरू होतात. ते सहन करावं, कारण कार्ड तेव्हा बरोबरच वागत असतं.

हल्ली एलव्हीएममध्येच कॅश लावता येते. कर्नल ४.१८पासून, म्हणजे २०१८पासून, डीएम-राइटकॅश आहे: हळू डिस्कांपुढे एसएसडी बसवायची, लिखाण आधी तिच्यावर, मागाहून सावकाश डिस्कांवर. अर्धी भरली की ती आपणहून उपसायला लागते. सुरेख काम करते. पण सहा डिस्कांचं भक्कम रेड आणि त्याच्यापुढे एकुलती एक स्वस्त एसएसडी, ही रचना बघितली की मला हात लावावासा वाटत नाही. न उपसलेला डेटा फक्त त्या एसएसडीवर असतो. ती मेली तर मागचे सहाही जण निरुपयोगी. दोन एसएसडी मिररमध्ये घ्याव्यात, आणि त्याही वीज गेल्यावर डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्या. एवढं बजेट नसेल तर कॅश लावूच नये, हे माझं मत मी मीटिंगमध्येही बदलत नाही.

'यूपीएस आहे ना' हे उत्तर मला नेहमी मिळतं. यूपीएस लाइट गेल्यावर उपयोगी. एसएमपीएस जळला, रॅकचा एमसीबी पडला, तर ते बाजूला उभं राहून बघतं. म्हणून सर्व्हर कामाला लावण्याआधी त्याच्यावर जोरात लिखाण चालू असताना केबल ओढून बघा. शटडाउन नव्हे, केबल. दुसऱ्या मशीनवर प्रत्येक होकाराची नोंद ठेवा आणि वीज आल्यावर ताळा करा. तोवर एक काम आजच उरका: रेड कार्डाच्या मेनूत बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो तुमच्याकडे कुणी चालू करून ठेवलाय का, ते बघा आणि असेल तर बंद करा.