हर्लिंगच्या मुलखातून

किल्केनी

तीर्थस्वरूप दादा यांस,

किल्ले आणि जुने मठ पाहण्याच्या हेतूने आयर्लंडच्या या परगण्यात आलो खरा. परंतु काल सायंकाळी गावाबाहेरील हिरवळीवर हर्लिंगचा जो सामना पाहिला, त्याचे वृत्त पेणला कळविल्यावाचून राहवत नाही. एका पक्षात १५ गडी, प्रत्येकाच्या हाती अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद व चपटी होत गेलेली काठी, आणि कातडी चेंडू असा की तो भुईवरून टोलवावा, काठीच्या पात्यावर तोलीत धावत न्यावा, अधांतरी झेलावा व तत्क्षणी पुन्हा फटकारावा. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. इथे वसलेल्या इंग्रजांनी या खेळाच्या नादी लागू नये म्हणून १३६६ साली किल्केनीच्या कायद्याने त्यांना मनाई केली होती. पण खेळ त्या हुकुमाला पुरून उरला.

मला सर्वांत भावली ती यातील गावनिष्ठा. अव्वल खेळाडूही खेळण्याचे वेतन घेत नाही. दिवसा शाळेत शिकवावे किंवा शेत सांभाळावे आणि संध्याकाळी आपल्या गावाचा सदरा चढवावा, अशी येथील रीत. भातकापणीनंतर ग्रामदैवताचे नाव लावून मैदानात उतरणारे आपल्याकडचे कबड्डीचे संघ मला त्या वेळी फार आठवले.

थर्ल्स

तीर्थस्वरूप मामा यांस, साष्टांग नमस्कार.

याच गावातील हेज यांच्या हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी मायकेल क्युसॅक या शिक्षकाच्या पुढाकाराने हर्लिंगचा कारभार पाहणारी गेलिक क्रीडासंस्था स्थापन झाली. तिच्या डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात २१ नोव्हेंबर १९२० रोजी गेलिक फुटबॉलचा सामना चालू असता ब्रिटिश सरकारच्या सशस्त्र दलाने गोळीबार करून १४ जणांचे प्राण घेतले. आज त्याच मैदानात ८२ हजारांवर प्रेक्षक मावतात, आणि २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

आपली कबड्डीही १९३६ साली अमरावतीच्या व्यायाम मंडळाबरोबर ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत मानाने दाखल झाली, आणि आता तिच्या खेळाडूंचे लिलाव होतात. त्यांना द्रव्य मिळते याचा मला आनंदच आहे. परंतु खेळाचे मूळ गावच्या मातीत आहे, आणि ती माती राखणे हे आपलेच काम आहे. रोह्याच्या पंचक्रोशीत आपला शब्द मानला जातो. तेव्हा गावोगावच्या मोकळ्या जागांवर इमारती उठण्यापूर्वी प्रत्येक गावी कबड्डीसाठी एक मैदान सरकारी दप्तरी कायमचे नोंदवून घ्यावे, ही विनंती.