टाउन हॉलची बाग

घरचे माणूस कोल्हापूरला सी.पी.आर. रुग्णालयात असले, की बरोबरच्या लेकरांचे हाल होतात. त्यांना वॉर्डात कोंडून ठेवू नका. एकाने रोग्यापाशी बसावे, दुसऱ्याने पोरांना घेऊन समोरच्या टाउन हॉलच्या बागेत जावे. जुन्या झाडांची दाट सावली आहे; हुंदडू द्या थोडे.

मग आतले वस्तुसंग्रहालय दाखवा. ते १९४६ साली सुरू झाले. सोमवारी बंद असते. तिथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून, घाट चढून आपल्या नदीकाठी आली. पोरे विचारतील, कशी? व्यापाऱ्यांबरोबर, म्हणून सांगा.

परतताना रस्ता ओलांडायचा आहे. पोरांचा हात सोडू नका.