वाट पाहण्याचे तास

माणूस गेलं की घरात पहिला प्रश्न येतो, कोण कोण यायचंय? कुणाची मुलगी बंगळुरात असते, कुणाचा भाऊ गावाहून निघालेला असतो. सतरंज्या अंथरल्या जातात, शेजारचे चहाचं बघतात, फोन वाजत राहतात. सगळे थांबून असतात. गेलेल्या माणसाची त्वचा दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकते ती याच तासांत, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत. हे कळल्यापासून अशा घरी गेलं की मनात येतं, यांना कुणी विचारलं असेल का?

नेत्रदान आता आपल्या कानांवरून गेलेलं आहे. त्वचादान म्हटलं की माणसं दचकतात, डोळ्यांपुढे भलतंच काही येतं. प्रत्यक्षात मांड्या, पोटऱ्या आणि पाठ एवढ्याच भागांवरचा वरचा पातळ थर घेतात, त्वचेच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा. रक्त वाहत नाही. चेहऱ्याला कुणी हात लावत नाही.

आमची आत्या गेली तेव्हा पथक घरीच आलं होतं. आतल्या खोलीचं दार लावण्याआधी त्यांच्यातल्या एका मुलीने आत्याला हात जोडले. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा पायांना पांढरंशुभ्र बँडेज होतं आणि आत्याचं सुती पातळ नीट, तिच्या सवयीप्रमाणे पदर घेऊन नेसवलेलं होतं. काकू त्या बँडेजवरच डोकं टेकवून रडली. ‘विद्रूप करतील’ म्हणून सकाळी तीच नको म्हणत होती.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. तिथे त्वचेचे हे कागदासारखे पातळ पट्टे ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, थंड कपाटात पाच वर्षांपर्यंत टिकतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. गावात स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाईला शहरातल्या आजोबांची त्वचा चालते.

ती कशी चालते, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. निम्म्याहून जास्त अंग भाजलं की माणसाची स्वतःची चांगली त्वचा लावायला पुरत नाही. उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी झिरपत राहतं, जंतूंना वाट मोकळी होते, आणि ड्रेसिंग बदलताना होणाऱ्या वेदना शब्दांत सांगण्यासारख्या नसतात. अशा वेळी परक्याची त्वचा जखमेवर पांघरली जाते. झिरपणं थांबतं, कळा उतरतात. ती तिथे कायमची रुजत मात्र नाही. साधारण तीन आठवड्यांत शरीर तिला ओळखतं, नाकारतं आणि ती गळून पडते. तेवढ्या अवधीत रोगी सावरलेला असतो, त्याची स्वतःची त्वचा लावण्याइतका तगलेला असतो. बुबुळाचं पटल दुसऱ्याच्या डोळ्यात वर्षानुवर्षं राहतं. त्वचेला हे भाग्य नाही. तिचा मागमूसही उरत नाही, आणि म्हणूनच मला हे दान फार मोठं वाटतं.

जन्माच्या वेळीही असं देता येतं. बाळंतपणानंतर वारेबरोबर टाकून दिला जाणारा गर्भाभोवतीचा पातळ पडदा टाटा मेमोरियलच्या ऊतीपेढीत स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांसाठी तयार होतो.

त्वचादानाचा अर्ज भरून ठेवला तरी त्या दिवशी शेवटचा होकार द्यायचा असतो तो घरच्यांनी. आणि ज्यांना रडू आवरत नाही त्यांना त्या घटकेला नवं काही सुचत नाही. तेव्हा आजच रात्री जेवताना हा विषय काढा. आपल्या मनात काय आहे ते मुलांना, सुनेला स्पष्ट सांगा. जवळच्या त्वचापेढीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. आणि आपल्या डॉक्टरांच्याही कानावर घाला, कारण त्यांनी दिलेला मृत्यूचा दाखला हातात आल्याशिवाय पथकाला काम सुरू करता येत नाही.